१,८०० रुपयांत ‘डायनॅमिक’ झाले

चार वर्षं घरी होते. सासूबाईंच्या आजारपणामुळे मार्च २०२० मध्ये नोकरी सोडली होती. त्याआधी पुण्याजवळ भोसरीत एका कारखान्यात नऊ वर्षं अकाउंट्स बघितले. परत अर्ज करायचे म्हणून ऑनलाइन सीव्ही लिहून देणाऱ्यांचं १,८०० रुपयांचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही, कारण मुलगा बोलायला सभ्य होता.

त्याने फोनवर दहा-बारा मिनिटं माहिती घेतली. त्यातली दोन मिनिटं छंदांवर गेली. रोज किती बिलं पास करायचात, रिटर्न कोण भरायचं, हे विचारलंच नाही.

दोन दिवसांनी सीव्ही आला. सुरुवातीची ओळखच अकरा ओळींची. डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड, स्टेकहोल्डर मॅनेजमेंटमध्ये निपुण! अहो, मी जन्मात स्टेकहोल्डर म्हटलेलं नाही. आमच्याकडे माल घेणाऱ्या-देणाऱ्याला पार्टी म्हणतात, आणि मी पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, जुळवते. बदल सांगितला तर ‘डायनॅमिक’ काढून ‘डेडिकेटेड’ घातलं. दोनच बदल फुकट असतात, त्यातला एक असा गेला.

खरा राग आला तो पुढे. नोकरीच्या तारखा ‘२०११ ते आजपर्यंत’. म्हटलं, हे खोटं आहे, पीएफचं पासबुक बघितलं की उघडं पडेल. तर म्हणे, ‘मॅडम, गॅप दिसला की कॉल येत नाही.’ तारखा दुरुस्त करून घेतल्या, दुसराही बदल संपला.

मग रात्री भांडी आवरून स्वतःच बसले. इंग्रजीत चारच ओळी लिहिल्या, मतलब असा: कारखान्याच्या अकाउंट्सचा नऊ वर्षांचा अनुभव, महिन्याला साधारण ४०० खरेदी बिलं. २०१७ ला जीएसटी आल्यापासून जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) दोन्ही मुदतीच्या आत, लेट फी एकदाही नाही. घरच्या आजारपणासाठी चार वर्षं थांबले. परतण्याआधी टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, शिकले. भोसरी-चाकण भागात पूर्णवेळ काम हवं आहे.

गॅपची ओळ लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. पण नंतर ज्या दोन ठिकाणांहून फोन आले, तिथे सुरुवात त्या ओळीपासूनच झाली. ‘आता घरी कोण बघतं?’ आणि लगेच, ‘ई-इन्व्हॉइस पोर्टलवर स्वतः काढता का?’

त्यांच्या बाजूने सांगायचं तर मांडणी उत्तम. दोन पानांत बसवलं. फोटो, वडिलांचं नाव, धर्म आणि खालचं ते ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ सगळं उडवलं. मी तर अजून बायोडेटाच्या काळात होते. फाइल वर्डमध्येही दिली, त्यामुळे माझ्या चार ओळी मला घालता आल्या.

पैसे परत मागितले, पॉलिसीत बसत नाही म्हणाले. पाचपैकी दोन स्टार, दोन्ही मांडणीचे. त्यांचं नुसत्या मांडणीचं ६०० रुपयांचं पॅकेज आहे, घ्यायचंच तर ते घ्या.