सफरचंदातली अळी आणि विषाणूची फवारणी: दोन हंगाम वापरल्यावर

जर्मनीत श्टुटगार्टजवळ भाड्याने घेतलेल्या बागेत आमची सफरचंदाची जुनी झाडं आहेत. कॉडलिंग मॉथ या फळ पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीसाठी गेल्या वर्षी ग्रॅन्युलोव्हायरसचं, म्हणजे अळीला मारणाऱ्या विषाणूचं औषध वापरलं, यंदा त्याच विषाणूचा दुसरा वाण. गावाकडे हरभऱ्यातल्या घाटे अळीवर एचएनपीव्ही हा विषाणू मारतात, त्याच जातकुळीतलं हे. मधमाश्यांना, पाखरांना, माणसांना काही होत नाही, म्हणून मला ते मनापासून आवडतं.

काम मात्र चिकाटीचं. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. अळी अंड्यातून निघून फळात शिरते तेवढ्याच वेळात विषाणू तिच्या पोटात जायला हवा. उन्हाने तो निकामी होतो, म्हणून दर आठ उन्हाच्या दिवसांनी पुन्हा फवारणी. अर्धवट ढगाळ दिवस असतील तर दोन मिळून एक धरायचा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या) पतंग दिसू लागले की मी पंप बाहेर काढायचे.

हे सगळं वेळेवर करूनही गेल्या वर्षी बरीच फळं पोखरली गेली. कापलं की थेट बियांपर्यंत बोगदा, त्यात ओली तपकिरी विष्ठा आणि गुलाबीसर, धडधाकट अळी.

युरोपातली ही औषधं वर्षानुवर्षं 1963 साली मेक्सिकोत मिळालेल्या एकाच वाणावर चालत होती. जर्मनीच्या नैऋत्य भागात आणि फ्रान्समध्ये सेंद्रिय बागांनी तोच सतत मारला आणि 2005 च्या सुमारास हजारपट मात्रेलाही दाद न देणाऱ्या अळ्या समोर आल्या. हा गुण झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. पतंगाच्या मादीत झेड एकच, त्यामुळे तिला एक प्रत मिळाली तरी पुरते आणि गुण भराभर पसरतो. गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला जुमानेनाशी झाली, ते ज्यांनी सोसलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘जैविक औषधाला कीड सरावत नाही’ असं विक्रेते अजून ठासून सांगतात, ते साफ चूक आहे.

यंदाच्या नव्या वाणाने फरक पडला. बऱ्याच फळांवर सालीलगत टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, कडा सुकलेल्या, आत बोगदा नाही: अळीने चावा घेतला आणि तिथेच मेली. अशी फळं साठवणीला टिकत नाहीत, त्यांचा मुरंबा होतो.

पण नव्या वाणांपैकी काहींना न जुमानणाऱ्या अळ्याही जर्मनीत सापडल्या आहेत. म्हणून गळलेली फळं रोज उचलते, जूनपासून खोडाला नालीदार पुठ्ठ्याचे पट्टे बांधते आणि त्यात कोषासाठी शिरलेल्या अळ्या काढून मारते. बाटली घेताना लेबलवर वाणाचं नाव बघाच. सलग हेक्टरभर बाग असेल तर नराला मादी सापडू न देणारी कामगंधाची पद्धतही जोडीला घ्या. माझ्यासारख्या मोजक्या झाडांना तिचा उपयोग नाही, शेजारून मिलन झालेली मादी उडत येतेच.