फिल्टर बल्बवर चालवून दाखवला तर पैसे देऊ नका

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात दूध संकलन केंद्रांना बॅटरीवरची यंत्रणा बसवून देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. बेळगावातल्या एका विक्रेत्याने मला कन्व्हर्टरच्या आधी लावायचा नॉईज फिल्टर विकला. त्यातली लबाडी दुकानात दिसतच नाही.

केंद्रावर २४ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावरून कन्व्हर्टर १२ व्होल्ट काढतो आणि त्यावर काटा, फॅट मशीन, प्रिंटर, कॉम्प्युटर चालतात. कन्व्हर्टरची खरखर बॅटरीच्या वायरवर उलटी येते, काट्याचा आकडा नाचतो. फिल्टर हवा तो यासाठी.

विक्रेत्याने फिल्टरच्या पुढे बल्ब लावला. "बघा की, काय हलतंय काय? बिनधास्त घेऊन जावा." डब्यावर छापलं होतं, १०० मायक्रोफॅरडचं डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे शमवणारा तेवढ्या क्षमतेचा कपॅसिटर.

केंद्रावर नुसता काटा होता तोवर ठीक चाललं. सगळी यंत्रं सुरू झाली की बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, कन्व्हर्टर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि फॅटचं रीडिंग अर्ध्यात जायचं. पहाटे किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांचं दूध तसंच थांबायचं. विक्रेता म्हणाला, कन्व्हर्टर गेलाय. त्याच्याकडूनच नवा घेतला, तरी तेच. मग म्हणाला, बॅटरी वीक आहे. तीही बदलून झाली.

शेवटी फिल्टर आणि कन्व्हर्टरच्या जोडावर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला. लोड वाढला की तिथे सुमारे १० किलोहर्ट्झची लाट उठत होती. बल्बवर ती कधीच उठणार नाही, कारण व्होल्टेज उतरलं की बल्बचा करंटही उतरतो. कन्व्हर्टरला मात्र पुढे ठरलेली पॉवर द्यायचीच असते, म्हणून व्होल्टेज उतरलं की तो जास्त करंट ओढतो. झोका मागे आला की नेमका तेव्हाच धक्का मिळावा, तसे फिल्टरमधले हेलकावे वाढत जातात. अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाचे आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच हे मांडलंय: फिल्टरचा आउटपुट इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पीडन्सपेक्षा बराच कमी हवा.

आमचा हिशोब असा. पूर्ण लोडला कन्व्हर्टरचा इनपुट इम्पीडन्स २४ व्होल्टचा वर्ग भागिले १२० वॅट, म्हणजे ४.८ ओहम, तोही उणे, कारण व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो. बॅटरी २१ वर आली की ३.७. नुसत्या काट्याच्या २० वॅटला मात्र २८.८, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. डब्यात २२ मायक्रोहेन्रीची कॉईल आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यांचा रेझोनन्स, म्हणजे हेलकावे सगळ्यात जोरात उठतात ती जागा, १०.७ किलोहर्ट्झला. त्याला समांतर, योग्य रोधाचा खरा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असता तर फिल्टरच्या इम्पीडन्सचं शिखर एक ओहमच्याही खाली राहिलं असतं.

डब्यातला इलेक्ट्रोलिटिक काढला आणि वरचं प्लास्टिकचं आवरण सोललं. खाली दुसरं आवरण, त्यावर ४.७ मायक्रोफॅरड. एवढ्यावर रोध कितीही नीट निवडा, शिखर सात ओहमच्या खाली येत नाही. आवरणावर आवरण चढवणं चुकून होत नाही. हे कुणीतरी बसून केलंय, आणि त्याच्या पाठोपाठ कन्व्हर्टर व बॅटरीही खपवली जाते, याचा मला फार संताप आहे. विचारलं तर उत्तर एकच: "माल असाच येतोय."

तुम्ही घेणार असाल तर तुमचा कन्व्हर्टर आणि पूर्ण लोड दुकानात न्या, सप्लाय २१ व्होल्टवर उतरवायला लावा आणि कपॅसिटर मीटरवर मोजून घ्या. विक्रेता तयार नसेल तर उठून या. बिलावर मायक्रोफॅरडचा आकडा लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'फिल्टर' आहे, त्यामुळे तक्रारीत डब्याच्या छपाईचे फोटो जोडतोय. स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरती घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, हेल्पलाईन १९१५. असाच डबा तुमच्याकडे असेल तर सोललेलं आवरण फेकू नका, कपॅसिटरसोबत पाकिटात जपून ठेवा.