मागचा एक्सल जाम: ठोकायचा, ओढायचा, तापवायचा की कापायचा?

पंक्चरवाला मागचं चाक सहसा काढतच नाही. टायरची एक बाजू उचकटतो, ट्यूब बाहेर ओढून पॅच लावतो आणि परत आत सारतो. त्यामुळे शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या मोटरसायकलचा मागचा एक्सल (चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा) वर्षानुवर्षं जागचा हललेला नसतो. मग कधीतरी टायर, ब्रेक शू किंवा चेन-सेट बदलायची वेळ येते. नट सुटतो, पण दांडा काही बाहेर येत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांवर ही पाळी लवकर येते. तिथे हवा खारी, वर चार महिने पाऊस, आणि वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचं पाणी थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, मारतो.

अशा वेळी प्रत्येकाचा एक लाडका उपाय असतो. कुणी घण मागतो, कुणी गॅस पेटवतो. माझ्या मते उपाय निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: एक्सल नेमका कुठे धरलाय, आणि काय वाया गेलेलं तुम्हाला चालेल. एक्सल, कॉलर (एक्सलवर बसणारी नळीसारखी रिंग) आणि बेअरिंग हे स्वस्त सामान आहे. चिमटा (स्विंगआर्म, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा दोन पायांचा सांगाडा) आणि हब महाग. स्वस्त सामान वाचवायला जाऊन महागाचं वाटोळं करणारेच जास्त दिसतात.

कुठे अडकलाय हे पान्याने कळतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, चेन ॲडजस्टर (चेनचा ताण कमी-जास्त करणारा भाग) सैल करा आणि चाकाखाली फळी सारा, म्हणजे चाकाचं ओझं एक्सलवर लटकणार नाही. नुसत्या त्या ओझ्यानेही चांगला एक्सल जाम झाल्यासारखा वाटतो. आता एक्सलच्या डोक्याला रिंग पाना लावून फिरवून बघा. डोकं फिरतं पण दांडा तसूभर सरकत नाही, तर तो बेअरिंगच्या आतल्या रिंगला किंवा हबच्या कॉलरला गंजाने चिकटलाय. फिरवताना चाक आणि चिमट्यामधल्या कॉलरवर लक्ष ठेवा. तीही सोबत फिरत असेल तर तिलासुद्धा धरलंय. डोकं अजिबात फिरत नसेल तर बहुधा चिमट्याच्या भोकात, ॲडजस्टरमध्ये किंवा ब्रेक प्लेटमध्ये अडकलाय. मात्र काही गाड्यांत डोकं मुद्दामच ॲडजस्टरच्या खाचेत बसवलेलं असतं, ते फिरणारच नाही. आणि फिरवताना दांड्याचं टोक गोल फिरण्याऐवजी डुलत असेल तर तो वाकलाय. खड्ड्यात जोरात आपटलेल्या गाडीत हे होतं, आणि तिथे कितीही तेल ओतलं तरी उपयोग नाही.

तेल ही वेगळी निवड नव्हे, ती प्रत्येक उपायाची पहिली पायरी. गंज सैल करणारा पेनिट्रंट स्प्रे मिळाला तर उत्तम. नेहमीचा डब्ल्यूडी-४० स्प्रेही चालतो, पण तो १९५३ साली अमेरिकेत मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवला गेला, घट्ट गंजात खोल शिरणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. त्याच कंपनीचा पेनिट्रंट वेगळा मिळतो. गॅरेजात डिझेलवरही भागवतात. दोन्ही टोकांना आणि कॉलरच्या फटीत सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत सोडा. ब्रेकच्या ड्रमच्या आत जास्त उतरलं तर ब्रेक शू तेलकट होतात, तेवढं सांभाळा. रिकाम्या हाताने वाट बघण्यापेक्षा अधूनमधून पान्याने डोकं मागे-पुढे हलवा. गंज त्या हालचालीने तुटतो आणि तेलाला वाट मिळते.

आता खरी निवड.

हातोडा सगळ्यांकडे असतो, म्हणून तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट वापरला जातो. छोट्या हातोडीने टुकटुक केल्याने दांड्याचं टोक फुलतं आणि मग तेच टोक बेअरिंगच्या भोकातून जात नाही. म्हणजे अडचण तुम्हीच वाढवली. नट पूर्ण काढू नका. तो दांड्याच्या टोकाच्या पातळीला येईपर्यंत परत चढवा, म्हणजे आटे वाचतात. एक्सलपेक्षा थोडा बारीक पितळी पंच लावा आणि दोन-तीन किलोच्या घणाचा एकच सरळ, भरलेला फटका मारा. दुसऱ्या माणसाने गाडी घट्ट धरायला हवी, कारण आडव्या फटक्याने ती स्टँडवरून कलंडते. समोरच्या बाजूच्या चिमट्याच्या पायाला लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या. दांडा एकदा थोडा सरकला की नट काढा आणि पुढे पंचानेच ढकला.

हातोड्याची मर्यादाही स्पष्ट आहे. दांडा बेअरिंगच्या आतल्या रिंगला चिकटला असेल तर प्रत्येक फटका गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगला आणि तिथून हबला बसतो. गोळ्यांचे खळगे रिंगमध्ये उमटतात. ते बेअरिंग नंतर हाताला गुळगुळीत वाटलं तरी रस्त्यावर गुणगुणू लागतं, म्हणून अशा ठोकाठोकीनंतर बेअरिंग बदलायचंच असं धरून चला. त्यावर नंबर कोरलेला असतो, तो दाखवला की दुकानात मिळतं. लोखंडी चिमटा आणि ड्रम ब्रेकची जुनी गाडी असेल तर हा सौदा मला पटतो. पाच-सहा चांगल्या फटक्यांत दांडा हलला नाही, तर सातवा मारू नये.

पुलर हा सभ्य मार्ग. चिमट्याच्या टोकामागे पाय अडकवून मधल्या स्क्रूने एक्सल आत ढकलायचा. धक्का नाही, जोर सरळ रेषेत. स्क्रू घट्ट ताणून ठेवा आणि मग त्याच्या डोक्यावर एक टोला द्या. ताण आणि धक्का एकत्र आले की कधीकधी ‘टक’ आवाज येऊन दांडा सुटतो. तो आवाज ऐकला की निम्मं काम झालं. अॅल्युमिनियमचा चिमटा, डिस्क ब्रेक आणि एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असलेल्या गाडीला मी आधी पुलरच लावेन. तिथे अॅल्युमिनियमची सांध सरळ ठोकणीने फुटू शकते, आणि सेन्सर किंवा त्याची रिंग वाकली तर खर्च वेगळाच. एक्सल चिमट्यात किंवा ॲडजस्टरमध्ये अडकलाय तिथे पुलर सगळ्यात चांगला चालतो.

पण दांडा हबमध्ये अडकला असेल तर पुलर फसवतो. तो जवळचा पाय आपल्याकडे खेचतो आणि चाक पलीकडच्या पायाला बाहेर ढकलतं, म्हणजे चिमटाच फाकतो. स्क्रू फिरतोय आणि दांडा नाही, तर काहीतरी वाकतंय. तिथे थांबा.

उष्णतेबद्दल लोकांचा विश्वास जरा जास्तच आहे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, हे खरं. म्हणून पोलादी एक्सल अॅल्युमिनियमच्या चिमट्यात किंवा ॲडजस्टरमध्ये अडकला असेल तर बाहेरचा भाग तापवून उपयोग होतो. पण दांडा बेअरिंगच्या रिंगला चिकटला असेल तर दोन्ही पोलादच, सारखंच फुगणार. उलट हब तापवला तर बेअरिंगच हबमधून सैल होतं. तेही वाईट नाही म्हणा, बेअरिंगसकट दांडा बाहेर आला तर आलाच. त्यासाठी हॉट एअर गन पुरते. गॅसची नळी मला नको वाटते: अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लोखंडासारखं लाल होऊन सावध करत नाही. त्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद कमी झालेली असते. सील जळतं, ग्रीस वाहून जातं, रंग उडतो. वर आदल्या रात्री ओतलेलं डिझेल किंवा स्प्रे पेट घेतो, म्हणून तापवण्याआधी सगळं पुसून काढा, पेट्रोलची टाकी ओल्या पोत्याने झाका आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला ज्योत अजिबात लावू नका. क्लोरीनवाल्या क्लीनरच्या वाफेतून विषारी वायू तयार होतो.

कापणं ऐकायला हार वाटते, पण पुष्कळदा तेच सगळ्यात स्वस्त पडतं. चिमट्याचा पाय आणि चाकाच्या कॉलरमधल्या जागेत हॅक्सॉ ब्लेड किंवा रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं मागे-पुढे चालवणारी विजेची करवत) घालायचा आणि दोन्ही बाजूंनी एकेक काप घ्यायचा. चाक दांड्याच्या तुकड्यासकट खाली येतं. ग्राइंडर तिथे बहुतेक गाड्यांत मावत नाही, आणि मावला तरी त्याची चकती चिमट्याला चावते. एक्सल कडक पोलादाचा असतो, त्यामुळे हाताने तास-दोन तास जातील, ब्लेड दोन-चार लागतील. नंतर हब लेथवाल्याकडे न्यायचं, तो प्रेसवर उरलेला दांडा बेअरिंगसकट दाबून काढतो. नवा एक्सल, दोन कॉलर, बेअरिंग आणि सील इतकंच बदलावं लागतं, आणि साध्या गाडीचा एक्सल काही शे रुपयांतला असतो. महागाच्या डिस्कवाल्या गाडीत मात्र सुटे भाग हाती आल्याशिवाय पाती लावू नका, नाहीतर गाडी आठवडाभर चाकाशिवाय उभी राहील.

तर घरीच काम करत असाल, गाडी धरायला कुणी असेल आणि साधी लोखंडी चिमट्याची गाडी असेल, तर दोन रात्री तेल आणि मग मोजके भरलेले फटके. शेजारी वर्कशॉप असेल आणि चिमटा अॅल्युमिनियमचा असेल, तर पुलर, सोबत हॉट एअर गन. दांडा वाकलाय किंवा टोक आधीच फुललंय, तर सरळ कापा. बेअरिंग गेलेलंच आहे आणि चाक आधीच डुगडुगतंय, तरीही कापा, वाचवण्यासारखं त्यात उरलेलंच काही नाही.

नवा एक्सल घालताना त्याच्या अंगाला ग्रीसचा पातळ थर द्या, कॉलरच्या आतूनही द्या, पण आट्यांना लागू देऊ नका. ग्रीस लागलेल्या आट्यांवर टॉर्क पान्याचा (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याचा) आकडा तोच दिसतो आणि नट मात्र ठरलेल्यापेक्षा जास्त आवळला जातो.