‘योजनेत करून देतो, फक्त फरक भरा’ असं कुणी म्हटलं तर

ज्या खाजगी हॉस्पिटलच्या दारावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा बोर्ड लागलेला असतो, तिथे योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पेशंटकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. तपासण्या, ऑपरेशन, औषधं, शरीरात बसवलेलं साहित्य, पेशंटचं जेवण, घरी परतायचं एका वेळचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये, म्हणजे योजना हॉस्पिटलला देते त्या ठरलेल्या रकमेत, धरलेलं असतं. आमच्या आप्पांच्या अँजिओप्लास्टीला (हृदयाची बंद नस उघडून तिथे स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसवतात) मात्र ८० हजार रुपये मोजून घेतले आणि वर योजनेकडेही पॅकेजचा क्लेम लावला. हे कसं जमवलं ते जरा तपशिलाने लिहितो, कारण ओळखीपाळखीत विचारलं तेव्हा कळलं की हीच रीत थोड्याफार फरकाने इतरांनीही भोगली आहे.

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. तीन एकर कोरडवाहू, केशरी रेशनकार्ड. २०२४ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि ‘इथे कॅथलॅब नाही, वेळ घालवू नका, पुढे हलवा’ म्हणून सांगितलं. कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी होते ती खोली. त्यांचं काही चुकलं नाही. सरकारी कॅथलॅब मोजक्या, म्हणून ही योजना बरीचशी खाजगी हॉस्पिटलांच्या भरवशावर चालते, आणि खरा घोळ तिथेच सुरू होतो.

जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत रात्र झाली होती. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राची खुर्ची रिकामी. काउंटरवरच्या पोराने रेशनकार्डाचा नंबर टाकून बघितल्यासारखं केलं. ‘कार्ड ऑनलाइन दिसत नाही,’ म्हणाला. थोड्या वेळाने, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ तोवर आत आप्पांची अँजिओग्राफी झालेली, एक नस जवळजवळ बंद. मग शर्ट इन केलेला एक गृहस्थ आला, चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला केबिनमध्ये घेऊन गेला. मीही मागोमाग गेलो. ‘योजनेत बसवून देतो, टेन्शन घेऊ नका. पण योजनेतला स्टेंट साधा असतो, देशी. वडिलांसाठी इम्पोर्टेड टाकलेला बरा. फरक तेवढा भरा.’ फरक किती, ते तोंडाने नाही सांगितलं. टेबलावरच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर बॉलपेनने ८०,००० लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि खोकं आमच्याकडे सरकवलं.

आता त्या आकड्याचा हिशेब बघा. औषधाचा थर असलेल्या स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१७ च्या फेब्रुवारीत मर्यादा घातली, तेव्हा ती २९,६०० रुपये होती. त्याआधी एकेका स्टेंटचं बिल लाखाच्या पुढे जायचं. पुढे महागाईप्रमाणे ती मर्यादा थोडीथोडी वाढली, २०२४ मध्ये सुमारे ३८ हजार होती, वर जीएसटी. आणि ही मर्यादा देशी-विदेशी दोघांनाही सारखीच. म्हणजे बाजारातला महागात महाग स्टेंट अख्खा विकत घेतला तरी जेवढे लागले नसते, त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे ‘फरक’ म्हणून मागत होते. पण माणूस आत टेबलावर असताना स्टेंटचे भाव कोण शोधत बसतो? त्यांचा सगळा धंदा त्या अर्ध्या तासावरच उभा आहे.

चुलतीने बोरमाळ काढून दिली. रात्रीच एका ओळखीच्या सराफाला उठवून ४५ हजार आणले. उरलेले ३५ माझ्या पुतण्याच्या खात्यात होते. काउंटरवर ‘क्यूआर बंद आहे, कॅशच लागेल’ असं ऐकवलं. पुतण्या हटून बसला की माझ्याकडे कॅश नाही, तेव्हा खालच्या मेडिकलच्या क्यूआरवर टाकायला लावले. पावती? ‘डिस्चार्जला सगळी एकदम मिळेल.’

तिसऱ्या दिवशी सकाळी आरोग्यमित्र आप्पांचा फोटो घ्यायला आला, तेव्हा कळलं की केस योजनेत रीतसर मंजूर आहे. कार्डही ऑनलाइन होतं आणि सर्व्हरही. शिवाय तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घ्यायची सोय योजनेत आहेच, कागद मागून दिले तरी चालतात. पैसे भरल्याचं सांगितलं तर तो इकडेतिकडे बघायला लागला.

डिस्चार्जच्या दिवशी खरा कळस झाला. चुलतीपुढे कागदांची चळत ठेवली आणि ‘इथे, इथे आणि इथे अंगठा’ सुरू केलं. मी कागद हातात घेतले. एकावर लिहिलेलं, उपचारादरम्यान आमच्याकडून कोणतीही रक्कम घेतली नाही. दुसऱ्यावर, परतीचं भाडं मिळालं. तिसरा इंग्रजीत, आम्ही स्वखुशीने जादा दर्जाचं साहित्य निवडलं. पहिला आणि तिसरा एकाच वेळी खरे कसे असतील, हे विचारल्यावर तो माणूस म्हणाला, ‘फॉर्मॅलिटी असते हो साहेब.’ आम्ही एकावरही अंगठा दिला नाही. फाइलमध्ये स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर लावलेलं होतं: कंपनी, बॅच नंबर, बनावटीचं ठिकाण. आमचा ‘इम्पोर्टेड’ स्टेंट गुजरातमध्ये तयार झालेला निघाला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, देशी स्टेंट चांगलेच चालतात आणि आप्पा आज शेतात जातात. तक्रार परदेशी म्हणून लावलेल्या भावाची आहे.

त्या स्टिकरचा फोटो नातेवाइकांनी काढून ठेवावाच. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच आणि किंमत वेगळी दाखवणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. आणि पैसे भरण्याआधी, रात्री दोन वाजता का असेना, योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर फोन लावा, काउंटरसमोर उभं राहून, मोठ्याने बोला. आमच्यासोबतच्या वॉर्डातल्या एका बाईंनी एवढंच केलं तर त्यांचा ‘फरक’ जागच्या जागी माफ झाला.

ह्या विषयावर बोललं की डॉक्टर मंडळी सांगतात, पॅकेजचे दर परवडत नाहीत, सरकार बिलं महिनोन्महिने रखडवतं. असेल. दरांवर आणि थकबाकीवर त्यांनी सरकारशी भांडावं, आम्हीही त्यांच्या बाजूने बोलू. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आता पांढऱ्या कार्डवाल्यांसह सगळ्यांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. व्याप वाढला, घोषणा झाल्या, पण त्या मानाने पैसा आला का, हा प्रश्न रास्तच आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सांगितलं होतं की सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करू. २०२१-२२ च्या हिशेबात तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. पण ज्याला हे दर नकोत त्याने योजनेचा बोर्ड उतरवावा. बोर्ड दाखवून गिऱ्हाईक आत घ्यायचं आणि तूट चुलतीच्या बोरमाळेतून भरून काढायची, याला परवडत नाही म्हणणं नाही चालत.

टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घेतला आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज दिला. सोबत मेडिकलच्या क्यूआरवर गेलेल्या पैशाचा स्क्रीनशॉट, डिस्चार्ज कार्ड, स्टिकरचा फोटो. हॉस्पिटलने आधी ती बाहेरची औषधं होती असं कळवलं. त्या औषधांची बिलं मागितल्यावर ३५ हजार रुपये गुपचूप पुतण्याच्या खात्यात परत आले. रोख दिलेल्या ४५ हजारांबद्दल मात्र ‘अशी कुठलीही रक्कम स्वीकारलेली नाही’ असं लेखी उत्तर आहे. सराफाची गहाणाची पावती त्याच रात्रीच्या तारखेची आहे आणि गोल काढलेलं ते खोकं चुलतभावाने खिशात घातलं होतं. दोन्ही जोडून पुन्हा अर्ज केला आहे, सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.