पावले मोजणारे अ‍ॅप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात या अ‍ॅपने माझी अनेक आठवडे टिकवलेली स्ट्रीक, म्हणजे रोजचे १०,००० पावलांचे लक्ष्य सलग किती दिवस गाठले याची मोजणी, शून्यावर आणली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. त्या दिवशी मी नेहमीइतकीच चालले होते. परंतु फोनच्या बॅटरी सेव्हरने अ‍ॅप मागच्या मागे बंद केले आणि दुपारनंतरची पावले मोजलीच गेली नाहीत. ग्राहक सेवेला स्क्रीनशॉटसह कळवले, तेव्हा स्ट्रीक पूर्ववत करता येत नाही एवढेच उत्तर आले. सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळल्यापासून ही अडचण आलेली नाही. मग ही सूचना अ‍ॅप सुरू करतानाच द्यायला काय हरकत आहे?

सुरुवातीला मला स्ट्रीकच सर्वाधिक आवडत असे. रात्री थोडी पावले कमी पडत असली, तर केवळ तिच्यासाठी मी पुन्हा चप्पल घालून बाहेर पडत असे आणि त्यातूनच रोज चालण्याची सवय लागली, हे श्रेय अ‍ॅपला द्यायलाच हवे. आता मात्र माझे मत बदलले आहे. ९,८०० पावले चाललेला दिवस आणि तापाने अंथरुणावर काढलेला दिवस या अ‍ॅपच्या लेखी सारखेच, दोन्ही चुकलेले. मुळात १०,००० हा आकडा वैद्यकीय संशोधनातून नव्हे, तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. वयस्कर अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाणही २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आणि सुमारे ७,५०० नंतर त्यात फारशी घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वेही प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवतात, म्हणजे हिशोब आठवड्याचा आहे. शिवाय पोहणे किंवा सायकल चालवणे पावलांत मोजले जात नाही, ते वेगळेच.

आठवड्याची बेरीज या अ‍ॅपमध्ये आहे, पण ती वर्गणी भरणाऱ्यांनाच दिसते. फोनमध्ये आधीपासून असलेले आरोग्याचे अ‍ॅप तीच माहिती फुकट देत असताना त्यासाठी पैसे मोजणे मला पटत नाही. त्यामुळे वर्गणीचे नूतनीकरण करणार नाही. लक्ष्य ७,५०० वर आणले आहे, आणि बराच वेळ बसून राहिल्यावर उठायला लावणारी सूचना तेवढी चालू ठेवली आहे, कारण तिचा उपयोग मला आजही होतो.