मूर्तिजापूर : पाहण्यासारखं थोडं, बसण्यासारखं बरंच

अकोला जिल्ह्यातलं आमचं मूर्तिजापूर पाहायला म्हणून कोणी आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लोक इथं गाडीतून उतरतात, तहसीलमध्ये फेरफाराचं काम करतात, मयतीला नाहीतर लग्नाला येतात आणि रात्रीच्या गाडीनं निघून जातात. त्यामुळे दिवाळीत आमचे पुण्याचे साडूभाऊ चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मग, इथं पाहण्यासारखं काय काय आहे?" तेव्हा बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि मी कॅलेंडरकडं.

साडूभाऊ जिथं जातात तिथल्या हॉटेलाला, देवळाला, पेट्रोल पंपाला मोबाइलवर तारे देतात. माझं कृषी केंद्र दिवाळीमुळे बंदच होतं. म्हटलं चला, गावालाही तारे मिळू द्या.

पहिलं स्थळ अर्थात शकुंतला. अडीच फुटी रुळांची ही गाडी मूर्तिजापुरातून एकीकडं यवतमाळला जायची, ११३ किलोमीटर, आणि दुसरीकडं अचलपूरला, ७६ किलोमीटर. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडातला कापूस न्यायला टाकलेली लाइन. देश स्वतंत्र झाला तरी रूळ कंपनीचेच राहिले आणि गाडी आपली रेल्वे चालवत राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत इथं राबलं, मग डिझेल आलं. पुढं पुढं तर गार्डच तिकीट फाडायचा. ही सगळी माहिती मी साडूभाऊंना रुळावर उभं राहून, हात हलवून हलवून दिली. ते फार खूश झाले.

"मग गाडी किती वाजता आहे?"

"आता नाही."

"म्हणजे आज नाही?"

"म्हणजे नाहीच. बंद आहे."

त्यांनी रुळांमधल्या येड्या बाभळीकडं पाहिलं. बाभळीचं खोड माझ्या मांडीएवढं झालंय. शकुंतला पुन्हा सुरू होणार ही बातमी आमच्याकडं दर निवडणुकीला फुलते. स्थळाला तीन तारे. सावली नाही, पण गर्दीही नाही.

दुसरं स्थळ जागतिक दर्जाचं आहे आणि त्यावर उभं राहता येत नाही, कारण तो हायवे आहे. जून २०२२ मध्ये अमरावतीकडच्या लोणी ते माना ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहा शहराचा होता. माना आमच्याच तालुक्यात. म्हणजे कतारला हरवणारा रस्ता आमच्या दारात येऊन संपतो, आणि त्याचा मोठा फायदा असा की आता लोकांना मूर्तिजापूर आणखी लवकर मागं टाकता येतं.

गाडगेबाबांच्या गोरक्षणात, म्हणजे गोशाळेत, मात्र नीट चपला काढून, गप्प बसून जाऊन यावं. बाबांचं लहानपण आमच्याच तालुक्यातल्या दापुरीत मामाकडं गेलं. तिथं तारे द्यायचे नाहीत असं मी साडूभाऊंना बजावलं. पूर्णेकाठी लाखपुरीला महादेवाचं जुनं देऊळ आहे, तिकडंही नेलं असतं, पण तोवर दिवस मावळला होता आणि त्यांनी हळूच विचारलं, "इकडं... बसायची काही सोय?"

इथून पुढं मी जाणकार आहे.

बाबा जन्मभर कीर्तनातून दारू सोडा म्हणून सांगत राहिले आणि त्यांच्याच तालुक्यात मी परमिट रूमला मार्क देतोय, याची मला कल्पना आहे. पण विषय निघालाच आहे तर आमच्या भागातला बार ओळखायची खूण सांगतो. खूण म्हणजे पाणी. आपण खारपाणपट्ट्यात आहोत. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. बोअर कितीही खोल न्या, पाणी खारंच. विहीर असून ओलीत नाही, साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. दारू तर सगळीकडं त्याच कारखान्याची येते. तिच्यात कोण काय ओततो, यावर सगळा खेळ आहे.

साडूभाऊंच्या हौसेखातर आधी हायवेवरच्या फॅमिली गार्डनमध्ये गेलो. आत विजेच्या दिव्यांची नारळाची झाडं, गवताच्या झोपड्या आणि मधोमध कारंजं. लॉन प्लास्टिकचं, कारण या पाण्यावर खरं गवत जगत नाही. कारंज्याच्या काठावर मिठाचा पांढरा थर धरलाय, तो पाहूनच मी सावध झालो. २०१७ च्या १ एप्रिलला कोर्टाच्या आदेशानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले, तेव्हा हे गार्डनही नुसत्या पनीरवर आलं होतं. पुढं नगरपालिकांच्या हद्दीला सूट मिळाली आणि नारळ पुन्हा पेटले. मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं जाड. मच्छर मोफत. साडूभाऊंनी पहिला घोट घेतला आणि ग्लास दिव्यापुढं धरून विचारलं, "यात मीठ घातलंय का?"

"नाही साहेब," वेटर म्हणाला, "पानीच तसं हाय."

एक तारा, तोही नारळाला.

मग स्टेशनाजवळच्या परमिट रूममध्ये आलो. स्कूटर तिच्या दारात लावली ती दुसऱ्या दिवशी सकाळी नेली. घर चालत जाण्याइतकं जवळ आहे, हा गाव लहान असण्याचा फायदा. बाहेरून पाहाल तर आत जाणार नाही. प्लायवूडच्या केबिनी, मळके पडदे, भिंतीवर चौकटीतलं लायसन आणि शेजारी लक्ष्मी, दोघांना एकच उदबत्ती. मेनूत चायनीजचे दोन रकाने आहेत, ते वाचू नका. साडूभाऊंनी मंचुरियन मागितलं. "सरलं," वेटर म्हणाला. संध्याकाळचे सात वाजले होते. नूडल्स? "तेही सरलं." अंडा बुर्जी आहे, उकडलेली अंडी आहेत, फुटाणे आणि तिखटमीठ लावलेली काकडी न मागता येते. बुर्जीत सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि हिरवी मिरची सढळ. पुण्याच्या माणसानं मिरचीचा तुकडा बाजूला काढून ठेवावा, आमच्या पाहुण्यांनी ठेवला नाही, आणि थोडा वेळ त्यांना बोलता आलं नाही. त्या वेळात मी माझा दुसरा पेग शांतपणे संपवला.

या जागेची खरी सोय अशी की स्टेशनाची अनाउन्समेंट आत स्पष्ट ऐकू येते. मुंबईकडं जाणारी गाडी बडनेऱ्याहून सुटली की वेटर त्या गिऱ्हाइकाचं बिल लिहायला घेतो, सांगावं लागत नाही. गाडी लेट झाली की तोच येऊन विचारतो, "भौ, लेट हाय, नव्वद अजून आनू का?" रेल्वेची चौकशी खिडकी इतक्या आपुलकीनं कधी बोललेली नाही.

आणि पाणी. मालक गल्ल्याशेजारी फिल्टरचे जार झाकून ठेवतो आणि ग्लासात स्वतः ओततो. त्या बाबतीत त्याचा पोरांवर विश्वास नाही. थंड, गोड, कसलाही वास नाही. सोड्याची गरज पडत नाही. साडूभाऊंनी तिसरा ग्लास नुसत्या पाण्याचाच मागितला.

जेवढं बिल झालं त्यात दोघांचं पोटही भरलं होतं. जाणार असाल तर डाव्या हाताची, पंख्याखालची केबिन मागा. उजवीकडची मुतारीला लागून आहे. बायकांना घेऊन जाण्यासारखी ही जागा नाही, त्यांनी नारळाखालीच बसावं आणि बाटलीबंद पाणी मागवावं. ड्राय डे आधी पाहून घ्या. गाडगेबाबांच्या गावात तो पाळला नाही तर लोक वर्षभर बोलतात.

साडूभाऊंनी तिथं बसल्या बसल्याच मोबाइल काढून परमिट रूमला पाच तारे दिले. खाली लिहिलं : "पाणी उत्तम."