आजोबांच्या लढाईच्या कागदांवर चाललेली लूट

दुसऱ्या महायुद्धात कुणी फौजेत गेले होते अशी खान्देशातली घरे हेरून एक जण फिरतो. भिंतीवर गणवेशातला फोटो दिसला की अहिराणीत सुरू करतो, "तुमना आजानी फाईल लंडनमा शे." आजोबा जपान्यांच्या कैदेत होते, ब्रिटिश सरकार वारसांना दहा हजार पौंड देते, फाईल काढायचे पंधरा हजार रुपये आधी लागतील. पारोळा तालुक्यातल्या एका घराने ते दिले, वर 'शिक्का फी' म्हणून नऊ हजार दिले. हाती एक लॅमिनेट केलेला दाखला आला आणि फोन लागायचा बंद झाला.

मोबाईलवर दाखवतो ती बातमी खरी आहे, म्हणूनच शहाणी माणसेही फसतात. नोव्हेंबर 2000 मध्ये ब्रिटनने जपानच्या कैदेत राहिलेल्यांना 10,000 पौंड जाहीर केले होते. पण ते हयात कैद्याला, तो नसेल तर त्याच्या हयात पत्नीला. नातवंडांसाठी त्यात काही नव्हते.

दाखला बारकाईने पाहिला की खोटेपणा उघडा पडतो. तारीख 1942 ची, पत्ता मात्र 'जिल्हा जळगाव' आणि पुढे पिनकोड. त्या काळी जळगाव पूर्व खान्देशात होते, धुळे-नंदुरबार पश्चिम खान्देशात. पिनकोड तर 1972 साली आला. शिवाय उत्तर आफ्रिकेतल्या टोब्रुकला पकडून जपानी छावणीत ठेवल्याची नोंद. टोब्रुक 21 जून 1942 ला जर्मन-इटालियन फौजांच्या हाती गेले. मराठा पलटणीचे तिथले कैदी इटलीकडे नेले गेले. जपान्यांच्या हाती भारतीय जवान मोठ्या संख्येने सापडले ते 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडल्यावर.

साध्या जवानांचे रेकॉर्ड लंडनला नाहीच. ते त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते: मराठा लाईट इन्फन्ट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी इंजिनिअर) खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, सर्व्हिस कोरचे (रसद-वाहतूक विभाग) बंगळुरूला. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रे 25 वर्षांनी नष्ट करतात. मागे राहते ती लाँग रोलमधली, म्हणजे जवानांच्या कायमच्या नोंदवहीतली, एक ओळ. म्हणून 'जाडजूड फाईल' काढून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

ती ओळ सापडायला सैनिक क्रमांक हवा, आणि तो पुष्कळदा घरातच असतो. मेडलची कड भिंगाने, तिरप्या उजेडात पाहा. ताऱ्याच्या आकाराचे मेडल (स्टार) असेल तर पाठीमागे. भारतीय जवानांच्या मेडलवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बहुधा ठोकलेली असते. चिंच किंवा राख लावून घासू नका, अक्षरे आधीच झिजलेली असतात. मेडल 'पडताळणीला' म्हणून कुणाच्या हातात तर अजिबात देऊ नका, त्याला बाजारात भाव आहे.

मग त्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत 30 दिवस. सोबत मृत्यू दाखला आणि नाते दाखवणारा कागद जोडा. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो नावापाशी. भरतीच्या कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिलेले असते, आडनाव गाळलेले असते. त्यामुळे नावाची दोन-तीन स्पेलिंगे, वडिलांचे नाव, गाव, जुना तालुका आणि 'ईस्ट' किंवा 'वेस्ट खान्देश' असा जिल्हा द्या. रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

कैदेची नोंद हवी असेल तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, मात्र ते ठराविक काळातच अर्ज घेतात. लढाईत मरण पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. परत आलेल्यांची तिथे नसतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. त्या माणसाचे मेसेज पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा आणि तो दाखला तक्रारीला जोडा.